इंदूर ते शारजा, खसखशीसकट

देवासहून धारला जायला बसने तीन तास लागतात आणि इंदूरहून शारजाला जायला विमानाने सव्वातीन. हे आधीच सांगून टाकते, कारण मी परत आल्यापासून गल्लीत, बँकेत, देवीच्या टेकडीच्या पायऱ्यांवर जो भेटतो तो एकच विचारतो, "इतक्या लांब एकट्या गेलात?" लांब म्हणजे किती, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. मी देवासच्या बसस्टँडसमोर एका खासगी बससेवेच्या बुकिंगच्या खिडकीत अठरा वर्षं बसते आहे. लांब-जवळ मला किलोमीटरमध्ये कळत नाही, तासांत कळतं. आमच्याच जिल्ह्यातलं पीपलरावां गाव नकाशावर बोटभर अंतरावर दिसतं. पण एक बस चुकली की अर्धा दिवस गेला. तेव्हा कोणतं गाव लांब आणि कोणतं जवळ, ते मला शिकवू नये.

गेले ती माझी मुलगी रेवा हिच्या बाळंतपणासाठी. ती सातव्या महिन्यात इकडे यायची होती. पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलं. पुढे बाळ पायांकडून आहे असं कळलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरला, गुरुवार सकाळ. जावई निखिल समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला. तो शनिवारी किनाऱ्यावर येणार. त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या विहिणीचा, नाशिकला पाय प्लास्टरमध्ये. राहिले मी. मंगळवारचं थेट विमान होतं आणि त्यानंतरचं शुक्रवारी. मी मंगळवारचं तिकीट काढलं आणि मग धारला कळवायला गेले. विचारायला नाही, कळवायला.

धार, रविवार

धारला माझे मोठे दीर अण्णासाहेब आणि जाऊबाई राहतात. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या घरातल्या लग्नकार्यात शेवटचा शब्द अण्णासाहेबांचा, असं अण्णासाहेबांनी ठरवलेलं आहे. आमचे पूर्वज पवारांच्या दरबारी कारकून होते. कारकुनी गेली, पण हुकूम काढायची सवय राहिली.

"पहिलं बाळंतपण माहेरी," ते म्हणाले. "आपल्या घरात दुसरं कधी झालेलं नाही. रेवाला आण."

"डॉक्टर विमानात बसू देत नाहीत."

"मग तिची सासू?"

"प्लास्टरमध्ये."

"जावई?"

"समुद्रात. शनिवारी येणार."

"मग ऑपरेशन दोन दिवस पुढे ढकला."

"बाळाला विचारून सांगते."

त्यांना राग आला. आई मुलीच्या दारी जाऊन बाळंतपण करत नाही, लोक म्हणतील मुलीला माहेर नाही म्हणून आईच जाऊन पडली, असं बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. खिडकीवर बसणाऱ्या माणसाला ऐकून घ्यायची सवय असते. गाडी वेळेवर सुटते ती सुटतेच.

जाऊबाईंची काळजी वेगळी. "सुनंदा, तू एकटी जाऊन राहिलीस? इतक्या दूर? दाखव बरं तिकीट." त्यांनी चष्मा लावून तिकीट वाचलं. "निघतं साडेदहाला. पोचतं सव्वाबाराला." बोटांवर हिशेब केला आणि चेहरा खुलला. "अहो, ऐकलं का? पावणेदोन तासांत पोचते ही! हे तर देवासपेक्षा जवळ आहे! आपण उगीच परदेश-परदेश करून राहिलो."

अण्णासाहेबांनी तिकीट ओढून घेतलं. त्यांनीही वजाबाकी केली. उत्तर तेच आलं, कारण वजाबाकी बरोबरच होती. फक्त साडेदहा इंदूरचे होते आणि सव्वाबारा शारजाचे. तिथलं घड्याळ आपल्यामागे दीड तास चालतं. दरबारी कारकुनाच्या वंशजाने दोन गावांची घड्याळं एकाच कागदावर वजा केली. मी दुरुस्त केलं नाही. जे अंतर माझ्या बाजूने बोलतंय त्याला गप्प का करायचं?

परिणाम असा झाला की जाऊबाई उठल्या आणि दुपारभर स्वयंपाकघरात राहिल्या. निघताना माझ्या हातात डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा आला आणि काळ्या मसाल्याचं पाकीट. "माझ्या हातचा आहे. पोरीला तिकडचं काही गोड लागत नसेल." अण्णासाहेब दाराशी आले नाहीत. आतून म्हणाले, "पासपोर्ट सांभाळ." तेवढं पुष्कळ होतं.

इंदूर विमानतळ, मंगळवार

सकाळी सातला मी विमानतळाच्या दाराबाहेर रांगेत उभी होते. माझ्यामागे धारजवळच्या अमझेऱ्याचा कैलास होता. चाळिशीचा, अकरा वर्षं शारजात एसी दुरुस्त करणारा. त्याची बायको त्याला सोडायला आलेली. माझ्या हातातल्या डब्याकडे तो बराच वेळ बघत होता.

"माजी, डब्बे में कंई हे?"

"लड्डू."

"काय के?"

"गोंद के. बेटी की डिलिव्हरी है."

"खसखस डाली है?"

"डाली है. बिना खसखस के कोई लड्डू होता है?"

त्याने दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "तो फिर लड्डू भी अंदर और आप भी अंदर. वहां खसखस अफीम में गिनते हैं, माजी. मजाक नी कर रिया हूं."

मी हसले. आम्ही माळव्याची माणसं. मंदसौरकडे परवान्याने अफू पिकते. बोंडाचा चीक वेगळा आणि बी वेगळं हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. बी आम्ही लाडवात घालतो, हलव्यात घालतो, झोप न येणाऱ्या म्हातारीला दुधात वाटून देतो. मी म्हटलं, "भिया, बीज में नशा थोड़ी होता है."

"ये आप उनको समझाना. अरबी आती हे?"

रांगेतल्या आणखी दोघांनी मान डोलावली. मग मी वाद सोडला. डब्यासाठी हटून बसायला माझ्याकडे दिवस नव्हते. मंगळवारी पोचले नाही तर गुरुवारी रेवा ऑपरेशनच्या टेबलावर एकटी जाणार होती, आणि तसं मी होऊ देणार नव्हते. पण जाऊबाईंची दुपार कचऱ्याच्या पिंपात टाकायलाही हात उचलेना. कैलासची बायको पुढे आली. "म्हारे दई दो, बेन. म्हारी बऊ के आठमो मईनो चली रियो हे."

लाडू योग्य ठिकाणी गेले. डबासुद्धा तिलाच दिला. कैलास म्हणाला, "माजी, और तो कुछ नहीं है?" मी म्हटलं, "नाही." आणि ते मी खरं समजूनच म्हटलं.

विमानाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी पहिल्यांदाच बसले. बसपेक्षा हादरे कमी, पाय ठेवायला जागा तेवढीच, आणि खिडकी उघडत नाही. उडाल्यावर दहाएक मिनिटांत खाली दऱ्या दिसल्या. नालछ्याच्या पुढे मांडूकडे जाताना रस्ता जशा दऱ्यांच्या कडेने जातो, तशाच. म्हणजे धार मागे पडलं. जिथे पोचायला माझ्या गाडीला तीन तास आणि इंदूरला एक बदली लागते, ते गाव विमानाने विचारपूससुद्धा न करता ओलांडलं. मग गुजरात आलं आणि मग समुद्र. समुद्र वरून पाहिला तर शेतातल्या निळ्या ताडपत्रीसारखा दिसतो.

समुद्रावर असताना शेजारच्या बाईंनी पराठ्याची पुडी सोडली. बरोबर झणझणीत सुकी भाजी होती. त्या वासाने माझं लक्ष गेलं ते थेट सामानाच्या पेटीत, साड्यांच्या घडीत ठेवलेल्या पाकिटावर. जाऊबाईंचा काळा मसाला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, आणि खसखस. हात आखडून नाही, चांगली वाटीभर, भाजून कुटलेली. ह्या मसाल्याची कृती मला वीस वर्षं पाठ आहे. लाडू डोळ्यांना दिसत होते म्हणून आठवले. मसाला कुटलेला, म्हणून सुटला.

कैलास तीन रांगा मागे होता. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि हळूच विचारलं, "भिया, पिसे हुए मसाले में हो तो?"

त्याने खिडकीबाहेर बघितलं. "मैं आपको पहचानता नहीं, माजी."

"आत्ता सकाळी तर..."

"नी पहचानता."

मी जागेवर येऊन बसले. त्याला नोकरी होती, घरी आठवा महिना लागलेली सून होती. मी त्याच्या जागी असते तर मीही ओळखलं नसतं. पाच मिनिटांनी तो पाठीमागून पुढच्या शौचालयाकडे निघाला आणि माझ्या खुर्चीपाशी चपलेचा पट्टा सारखा करायला वाकला. "लाल बोर्ड वाले रस्ते से जाना. वो पूछें उससे पहले बोल देना." आणि गेला.

शारजा विमानतळ, तोच मंगळवार

कस्टममधून बाहेर पडायचे दोन रस्ते होते, सांगण्यासारखं काही नसेल तर हिरवा आणि असेल तर लाल. हिरव्या पाटीखालून सगळं विमान हसत-बोलत बाहेर पडत होतं. कुणी कुणाची पेटी उघडत नव्हतं. तिथून मीही चालत गेले असते तर बहुधा पार झाले असते. बहुधा. पण बहुधावर मी कधी कुणाचं पार्सल घेतलेलं नाही. लाल पाटीखाली मी एकटीच होते.

टेबलामागे काळ्या पोशाखातली, डोक्यावरून रुमाल घेतलेली तरुण अधिकारी होती. मी पेटी वर ठेवली, पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं आणि माझ्या तुटक इंग्रजीत म्हटलं की हा घरचा मसाला आहे आणि ह्यात एक गोष्ट अशी आहे की जी तुमच्याकडे चालत नाही असं मला आजच कळलं. ती गोष्ट कोणती, ह्याचा इंग्रजी शब्द मला येईना. म्हणून मी म्हटलं, "खसखस."

तिने मान वर केली. "खशखाश?"

अख्ख्या प्रवासात अरबी बोलणाऱ्याला माझा हा एकच शब्द भाषांतराशिवाय कळला. नेमका हा.

मग दोन माणसं आली, पेटी आतल्या खोलीत गेली आणि पेटीमागे मी. सुंठ, हळद, बाळंतशोपा, ओवा, बाळाची टोपडी, सगळं टेबलावर मांडलं गेलं. प्रत्येक पुडी उघडून वास घेतला, काही पुड्या एका यंत्राखाली धरल्या. कुणी आवाज चढवला नाही. मला पाणी आणून दिलं. पण पासपोर्ट घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं. अर्धा तास गेला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता आणि माझ्या मनगटावर तीन. रेवाला फोन करायची परवानगी मागितली, ती मिळेना. मला पहिल्यांदा वाटलं की बुधवार इथे जाईल, मग गुरुवार जाईल, आणि माझ्या पोरीला ऑपरेशनच्या वेळी कुणाचा हात नसेल. घाबरले का? घाबरले. पण घाबरल्याने दार उघडत नाही, म्हणून पुड्या परत बांधायला घेतल्या.

शेवटी उर्दू बोलणारे एक वयस्क अधिकारी आले. त्यांनी कागद वाचला आणि विचारलं, "आपने खुद क्यूं बताया? किसी ने पूछा तो था नहीं."

मी म्हटलं, "साहेब, मैं भी पार्सल लेती हूं. अठारह साल से. जो खिड़की पर आते ही बोल दे कि इसमें कांच है, उसको मैं बैठने को कुर्सी देती हूं. जो चुपचाप सरका दे, उसकी गठरी खुलवाती हूं. मेरा मसाला आपके यहां मना है तो रख लीजिए. मैंने गलत चीज लाई, ये मैं लिखके देती हूं. मगर चोरी से लाई, ये मैं नहीं लिखूंगी. परसों सुबह बेटी का ऑपरेशन है और उसके पास कोई नहीं है. मुझे आज ही जाना है."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "लिखिए," ते म्हणाले. मी हिंदीत लिहून दिलं, त्यांनी खाली अरबीत लिहिलं. दोन सह्या झाल्या. मसाल्याचं पाकीट एका जाड पिशवीत बंद झालं. पासपोर्ट परत देताना ते म्हणाले, "बहनजी, आइंदा सिर्फ हल्दी."

तेव्हा भिंतीवर तीन वाजले होते. इंदूर ते शारजा सव्वातीन तास. शारजा विमानतळाचं दार ते शारजा विमानतळाचं दुसरं दार, पावणेतीन.

बाहेर रेवा उभी. सुजलेले पाय, कमरेवर हात.

"तुला घरी बस म्हटलं होतं ना?"

"तीन तास झाले, आई! मला वाटलं तुला पकडलं."

"पकडलंच होतं. चल, गाडी कुठे आहे?"

शारजा, पुढचे दिवस

रेवाचं घर चौदाव्या मजल्यावर. समोर खाडी. खाडीला लाकडी जहाजं लागलेली असतात आणि त्यांच्यावर फ्रिज, टायर, खुर्च्या, तांदळाची पोती असं काय वाट्टेल ते लादत असतात. बुधवारी सकाळी मी खाली जाऊन बघून आले. दोर बांधायची पद्धत उत्तम. फ्रिज मात्र आडवे घातले होते. मी एका खलाशाला खुणेने सांगितलं की उभे ठेव. तो हसला आणि त्याने आडवेच ठेवले. आमचे हमालही हेच करतात.

बाजारात सगळं मिळतं: मेथी, डिंक, खारीक, अगदी अळूची पानंसुद्धा. केरळच्या दुकानदाराला मी डिंक हिंदीत मागितला, त्याने उत्तर अशा हिंदीत दिलं की रेवाला मध्ये पडावं लागलं. इथल्या तंदूरवाल्याची रोटी सुपाएवढी असते आणि लोक ती कागदात न गुंडाळता काखेत मारून घरी नेतात. मला आवडली. आमच्याकडे पाहुण्याला भाकरी मोजून विचारतात, "अजून एक?" इथे एकच असते, प्रश्न येत नाही. आणि एक चांगलं पाहिलं. रांगेत बाई दिसली की तिला पुढे करतात. देवासला बँकेत मला पुढे करतात ते फक्त मार्चमध्ये, बाकीच्यांचे फॉर्म भरून देते म्हणून.

बुधवारी मी लाडू वळले, खजूर आणि डिंकाचे. जाऊबाईंच्या लाडवांची सर नाही, पण रेवाने उभ्या-उभ्या दोन खाल्ले.

गुरुवारी सकाळी सातला तिला आत नेलं. दारापर्यंत मी तिचा हात धरून होते. ती म्हणाली, "आई, तू आलीस." मी म्हटलं, "बोलू नकोस, श्वास घे." आठ चाळीसला परिचारिकेने कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातात ठेवलं. मुलगी. पायांकडून यायची घाई करणारी, आणि आल्या-आल्या मुठी वळून ओरडणारी. मी बोटं मोजली. रेवा शुद्धीवर येईपर्यंत बाळ कुणाला दिलं नाही.

संध्याकाळी अण्णासाहेबांचा फोन आला. पुढे सहा आठवडे मी तिथे राहिले, निखिल आला, बारसं झालं. पण माझ्या दृष्टीने हा प्रवास त्या फोनपाशी पुरा झाला, म्हणून तो लिहून थांबते.

"दोघी बऱ्या आहेत ना?" त्यांनी आधी विचारलं. हे नोंदवलं पाहिजे. मग घसा खाकरून म्हणाले, "घराण्याची जन्मांची वही उघडून बसलोय. वेळ सांग."

"आठ चाळीस."

"म्हणजे आपले..." मागून जाऊबाई काहीतरी म्हणाल्या. घड्याळाचं प्रकरण एव्हाना त्यांना कुणीतरी समजावलं होतं. "म्हणजे आपले दहा दहा."

"तुमचे दहा दहा. तिचे आठ चाळीस. तेच लिहा."

"बरं. आता ठिकाण. आपल्या वहीत दोनच रकाने आहेत, माहेरी आणि सासरी. सासरी लिहितो."

"सासरी कसं? सासर नाशिकला. तिथलं कुणी नव्हतं इथे."

"मग कोरं सोडतो."

"कोरं सोडायचं नाही. माहेरी लिहा."

"अगं, माहेरी कसं लिहू? शारजात कुठलं आलं तिचं माहेर?"

"अण्णासाहेब, रेवाची आई कोण?"

"तू."

"सकाळपासून मी कुठे आहे?"

  पलीकडून, लांबून, जाऊबाईंचा आवाज आला, "लिहा हो, शाई वाळून राहिली आहे."